सर थॉमसचे मौन

२२ जून हा संत थॉमस मोर आणि संत जॉन फिशर यांचा स्मरणदिन. गेल्या वर्षी हे निमित्त साधून आमच्या धर्मग्रामातील युवकांनी सभागृहात 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' हा जुना इंग्रजी चित्रपट दाखवला. चित्रपट संपला, दिवे लागले आणि प्रथेप्रमाणे मी चार शब्द बोलावयास उभा राहिलो. सदसद्विवेकबुद्धीशी प्रामाणिक राहण्यासाठी सर थॉमसने राजाची मर्जी, पद आणि शेवटी प्राणही दिले; आपणही आपापल्या कचेरीत, शाळेत, ग्रामपंचायतीत तसेच राहावे, असे सांगितले. टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतून कायद्याचे शिक्षण घेणारी एक मुलगी उठली आणि शांतपणे म्हणाली, "फादर, सर थॉमसच्या कारकिर्दीत ज्यांना जिवंत जाळले, त्यांना सदसद्विवेकबुद्धी नव्हती का?"

काळ वेगळा होता, त्या काळाच्या चष्म्यातून पाहावे लागेल, असे काहीतरी उत्तर मी दिले. ती बसली, पण ती केवळ वडीलधाऱ्यांचा मान राखण्यासाठी बसली, हे मला कळले. त्या रात्री सेमिनरीच्या दिवसांपासून जपून ठेवलेली नाटकाची प्रत मी पुन्हा काढली. त्या पुनर्वाचनातून हा लेख जन्मला आहे. एका उत्तम नाटकाचे गुण सांगावेत, त्याचबरोबर ते काय झाकते तेही सांगावे, आणि त्या मुलीला तेव्हा न दिलेले उत्तर आज द्यावे, एवढाच त्याचा हेतू.

रॉबर्ट बोल्ट (१९२४–१९९५) या इंग्रज नाटककाराचे हे नाटक १ जुलै १९६० रोजी लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये रंगमंचावर आले. योगायोग असा, की सर थॉमसवरील खटला १५३५ साली १ जुलैलाच चालला होता. पुढे १९६६ मध्ये फ्रेड झिनेमन यांनी त्यावर चित्रपट काढला. त्याला सहा ऑस्कर पारितोषिके मिळाली आणि पॉल स्कोफील्ड या नटाचा चेहरा जगभरच्या कॅथलिकांच्या मनात संत थॉमस मोरचा चेहरा होऊन बसला. नवल हे, की ज्या लेखणीने आपल्या संताला एवढी कीर्ती मिळवून दिली, ती श्रद्धावंताची नव्हती. आपण कॅथलिक नाही, खऱ्या अर्थाने ख्रिस्तीही नाही, असे बोल्टने नाटकाच्या प्रस्तावनेत स्वच्छ लिहून ठेवले आहे.

कथानक बहुतेकांना ठाऊक असेल. तरी थोडक्यात सांगतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला कॅथरिन राणीपासून पुत्र नव्हता. त्याला तो विवाह रद्द ठरवून ॲन बोलिनशी लग्न करावयाचे होते. रोमने संमती दिली नाही, तेव्हा राजाने इंग्लंडची ख्रिस्तसभा रोमपासून तोडून स्वतःच्या हाताखाली घेतली. थॉमस मोर हा नामांकित वकील, विद्वान आणि १५२९ पासून राज्याचा लॉर्ड चॅन्सेलर. इंग्लंडच्या धर्मगुरुवर्गाने राजापुढे मान तुकवली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ मे १५३२ रोजी, त्याने अधिकारपद सोडले. १५३४ साली उत्तराधिकाराचा कायदा झाला आणि त्याबरोबर प्रत्येकाने घ्यावयाची शपथ आली. सर थॉमसने शपथ घेतली नाही. का घेत नाही, हेही सांगितले नाही. त्याला लंडनच्या टॉवरमध्ये टाकण्यात आले. अखेर सॉलिसिटर जनरल रिचर्ड रिच याच्या साक्षीवर त्याला दोषी ठरवण्यात आले आणि ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. पंधरवड्यापूर्वी रॉचेस्टरचे बिशप जॉन फिशर त्याच वाटेने गेले होते. राज्यातील बिशपांपैकी शपथ नाकारणारे ते एकटेच. बाकीच्यांनी हात वर केले. आम्हा धर्मगुरूंनी हे वाक्य दोनदा वाचावे.

या कथेतून बोल्टने नाटक उभे केले ते वधस्तंभावरच्या धैर्याचे नव्हे, तर वकिलाच्या सावधगिरीचे. त्याचा सर थॉमस हुतात्मा होण्यास उतावीळ नाही. कायद्याच्या ज्या फटीतून जीव वाचेल ती तो शोधत असतो. मौन ही संमती समजावी, हे कायद्यातले जुने सूत्र. म्हणून तो शपथेला 'नाही' म्हणतो, पण कारणाबाबत ओठ मिटतो. बायकोलाही सांगत नाही, लाडक्या मुलीलाही सांगत नाही, कारण उद्या त्यांनाच साक्षीला बोलावतील. या मौनावर सगळा दुसरा अंक तोललेला आहे. राज्य त्याच्याकडे मृत्यू नव्हे, शब्द मागते आहे. निष्ठावान म्हणून ज्याची ख्याती आहे त्याचे मौन सत्ताधीशाला आरोळीसारखे ऐकू येते. हे नाट्य बोल्टने ज्या संयमाने हाताळले आहे, त्याला तोड नाही.

मराठी प्रेक्षकाला न्यायालयाचे नाटक नवे नाही. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आले. तिथे खेळ म्हणून मांडलेला खटला एका स्त्रीच्या खाजगी आयुष्यावर तुटून पडतो. शेवटी बेणारे बाई मनातले सारे बोलते. पण भोवतीची माणसे थिजलेली असतात आणि तिचे बोलणे कोणाच्याच कानी पडत नाही. सर थॉमसचे उलट आहे. सारे दरबारी कान टवकारून बसले आहेत आणि तो बोलत नाही. निकाल लागल्यावरच तो तोंड उघडतो. एका नाटकात बोलणे व्यर्थ जाते, दुसऱ्यात न बोलणे गुन्हा ठरते. समाजाला आणि सत्तेला दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरावयाचे असते, हे दोन्ही नाटककारांनी ओळखले आहे.

नाटकातील दोन प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला कार्डिनल वुल्झीबरोबरचा. वुल्झी व्यवहारी आहे. राजाला वारस नसेल तर यादवी माजेल. तेव्हा थॉमसने आपली खाजगी मते घरी ठेवून राज्याची गरज पाहावी, असा त्याचा आग्रह. सर थॉमसची भूमिका अशी, की जो माणूस घरी विवेक गहाण टाकून दरबारात येतो त्याच्या हातून राज्याचेही भले व्हावयाचे नाही. श्रद्धा ही खाजगी बाब, राज्यकारभार ही सार्वजनिक बाब, या दोहोंच्या मध्ये भिंत घाला, असे आजही आपल्याला सांगतात. माणूस मात्र एकच असतो. भिंत घालावयाची तर ती त्याच्या छातीतूनच घालावी लागते.

दुसरा प्रसंग घरातला. रिच हा भावी घरभेदी नुकताच निघून गेला आहे. त्याला अटक करा, तो वाईट आहे, असे मुलगी, बायको आणि भावी जावई विल्यम रोपर एकमुखाने सांगतात. वाईट असणे हा कायद्याने गुन्हा नव्हे, असे सर थॉमसचे म्हणणे. रोपर तरुण आहे, तापट आहे. सैतानाला पकडण्यासाठी देशातले सगळे कायदे तोडावे लागले तरी तो तोडील. सर थॉमस त्याला देशभर दाट झाडीसारख्या लावलेल्या कायद्यांचे चित्र दाखवतो आणि विचारतो, की ती झाडी भुईसपाट झाल्यावर सैतान उलटून तुझ्यावर आला तर तू कोणाच्या आडोशाला उभा राहशील? म्हणून सैतानालाही कायद्याचा लाभ द्यावयाचा, तो स्वतःच्या सुरक्षिततेसाठी. माझ्या मते संपूर्ण नाटकाचा कणा हा प्रसंग आहे. सदसद्विवेक माणसाला उभे राहावयास सांगतो. पण उभे राहण्यापुरती जागा त्याला कायदा देतो.

आता दोन आक्षेप. पहिला बोल्टच्या विचाराविषयी. मित्र नॉरफोकशी वाद घालताना बोल्टचा मोर म्हणतो त्याचा आशय असा, की माझी श्रद्धा खरी आहे की नाही यापेक्षा ती माझी आहे, मी ती धरली आहे, हे महत्त्वाचे. प्रस्तावनेतही बोल्टने त्याला स्वत्वाचा वीर म्हणून पुढे केले आहे. हे आधुनिक माणसाचे बोलणे झाले. इतिहासातला मोर असे बोलला नाही. निकालानंतर त्याने न्यायालयात जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की एका राज्याची संसद साऱ्या ख्रिस्ती जगताच्या एकमताविरुद्ध कायदा करू शकत नाही. माझ्या बाजूला शतकानुशतकांचे संत आणि परिषदा आहेत. त्याच्या लेखी विवेक म्हणजे 'माझे मत' नव्हते. लॅटिनमधला 'कॉन्शिएन्शिया' हा शब्दच 'सह' आणि 'ज्ञान' या दोहोंचा बनलेला आहे. इतरांसह, देवासमक्ष जाणणे असा त्याचा अर्थ. आपला मराठी शब्दही तेच सांगतो. सत् आणि असत् यांतला भेद ओळखणारी बुद्धी ती सदसद्विवेकबुद्धी. सत् माझ्या ओळखण्याआधीपासून तिथे असते. मी ते निर्माण करीत नाही. बोल्टने झाड सुरेख रंगवले, पण मुळे चित्राच्या चौकटीबाहेर ठेवली. श्रद्धावंत वाचकाने ती स्वतः शोधावीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो त्या मुलीचा आहे. रोपर लूथरच्या मतांकडे झुकला आहे, म्हणून सर थॉमस त्याला मुलगी देत नाही, हे नाटकात येते. पण पाखंडाचा प्रश्न तिथे सासरे-जावयाच्या गोड भांडणापलीकडे जात नाही. प्रत्यक्षात सर थॉमसच्या लॉर्ड चॅन्सेलरपदाच्या काळात इंग्लंडमध्ये सहा जणांना पाखंडी म्हणून जाळण्यात आले, आणि त्यांतील काहींच्या चौकशीत त्याचा स्वतःचा हात होता. त्यांचा धूर बोल्टच्या रंगमंचावर कोठेच दिसत नाही.

त्या सहांपैकी एकाची हकीकत सांगितली पाहिजे. जेम्स बेनहॅम हाही वकीलच. नव्या मतांच्या संशयावरून त्याला पकडले आणि सर थॉमसच्या चेल्सी येथील घरी त्याची चौकशी झाली. तिथे त्याचा छळ झाला, असे जॉन फॉक्स या प्रॉटेस्टंट चरित्रकाराने नंतर लिहिले. आपल्या घरी असे छळ होतात हा आरोप सर थॉमसने आधीच लिहून नाकारला होता. त्या वादात मी पडत नाही. पुढचे मात्र निर्विवाद आहे. १५३२ च्या फेब्रुवारीत बेनहॅमने दडपणाखाली आपली मते सोडल्याचे मान्य केले, दंड भरला, प्रायश्चित्त घेतले आणि तो सुटला. पण त्याला चैन पडेना. थोड्याच दिवसांत तो भर चर्चमध्ये इंग्रजी नवा करार हातात घेऊन उभा राहिला आणि मी देवाला नाकारले, असे रडत सर्वांसमोर बोलला. त्याला पुन्हा पकडले आणि एप्रिलअखेर स्मिथफील्ड येथे जाळले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत सर थॉमसने विवेकापोटी पदाचा राजीनामा दिला.

बेनहॅमची शिकवण चूक होती असे मी मानतो. धर्मगुरू म्हणून मला तसे मानलेच पाहिजे. पण बोल्टच्या नाटकाचा जो विषय, की तोंडाने एक उच्चारावे आणि अंतःकरणाने दुसरे मानावे हे माणसाला साधत नाही, तो विषय हा माणूस अक्षरशः जगला. टॉवरमध्ये मार्गारेट वडिलांना हीच पळवाट सुचवते: शब्द उच्चारा, मनात दुसरे धरा. सर थॉमस नकार देतो. बेनहॅमने ती पळवाट घेतली आणि मग त्याच वाटेने परत येऊन आगीत पाय ठेवला. सर थॉमसला स्वतःच्या अंतःकरणाचा आवाज ओळखू आला. बेनहॅमच्या अंतःकरणातला तोच आवाज त्याला ओळखू आला नाही.

हेच धागे पकडून हिलरी मँटेल या इंग्रज लेखिकेने २००९ साली 'वुल्फ हॉल' ही कादंबरी लिहिली आणि तिला बुकर पारितोषिक मिळाले. तिथे पारडे पूर्ण फिरले आहे. बोल्टचा खलपुरुष क्रॉमवेल नायक झाला, तर सर थॉमस कोरडा, उपहासी आणि दुसऱ्याच्या वेदनेत रमणारा झाला. बेनहॅम तिथे आहे. मँटेलची भाषा असामान्य आहे. तरीही तिने बोल्टचीच चूक उलट्या बाजूने केली असे मला वाटते. बोल्टने आगी विझवून संत उभा केला, मँटेलने संत पुसून आगी पेटत्या ठेवल्या. एकाच माणसाच्या ठायी दोन्ही होते, ही अवघड गोष्ट दोघांनीही टाळली. आपल्या कुटुंबांतील तरुण वाचकांनी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे मी सुचवीन.

बोल्टला दोष देताना त्याची एक हकीकत मात्र विसरता येत नाही. नाटकानंतर एका वर्षाने, सप्टेंबर १९६१ मध्ये, अण्वस्त्रविरोधी चळवळीत त्याला बर्ट्रंड रसेल आदींबरोबर पकडण्यात आले. शांतता पाळण्याच्या हमीपत्रावर सही करण्यास त्याने नकार दिला आणि त्याला महिन्याची कैद झाली. पण तेव्हा तो 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ची पटकथा लिहीत होता. लेखक तुरुंगात, चित्रपट अडलेला, शेकडो लोकांचे काम थांबलेले. निर्माता सॅम स्पीगल तुरुंगात येऊन त्याला गळ घालू लागला. शिक्षा पुरी होण्याआधी बोल्टने सही केली आणि तो बाहेर आला. त्या सहीची खंत त्याला जन्मभर राहिली. ज्याने न सही करणाऱ्याचे महाकाव्य लिहिले त्याच्यापुढे वर्षभरानंतर कागद आला, आणि तो सर थॉमस ठरला नाही, बेनहॅम ठरला. त्याला हसणे सोपे आहे. पण आपल्यापैकी किती जणांनी कुठल्या कागदावर सही केली आणि मग वर्षानुवर्षे घशाखाली घास उतरला नाही, हे कबुलीजबाबाच्या खुर्चीत बसणाऱ्याला ठाऊक असते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. झाडीच्या प्रसंगाला बोल्टने सोडून दिलेली एक दुसरी बाजू आहे. बेनहॅमला जाळले ते कायदा मोडून नव्हे. १४०१ च्या इंग्रजी कायद्याने पाखंड्याला जाळण्याची मुभा दिली होती. म्हणजे झाडी होती, पण तिचा आडोसा सर्वांना नव्हता. सर थॉमसने त्या झाडीत स्वतःसाठी आसरा शोधला आणि तीन वर्षांपूर्वी बेनहॅमला त्याच झाडीचे काटे लागले होते. माझे उत्तर इथे आहे. जो विवेकस्वातंत्र्याचा हक्क मी केवळ स्वतःसाठी आणि माझ्यासारख्यांसाठी मागतो, तो हक्क नव्हे, ती सवलत आहे. कायदा विवेकाचा मान राखतो की नाही याची परीक्षा आपल्या मते चुकलेल्या माणसाला तो कसा वागवतो, यावर होते.

हे केवळ इंग्लंडचे पाप म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. सर थॉमस टॉवरमध्ये होता त्याच वर्षी, १५३४ च्या डिसेंबरात, गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली, आणि आपल्या पूर्वजांच्या इतिहासाला वळण लागले. त्याच राजवटीने १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसवले. मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. आपली श्रद्धा आपल्याला अमूल्य आहे. तथापि ती आपल्यापर्यंत आली त्या वाटेवर धाक घालणारे कायदेही उभे होते, हे मान्य केल्याने श्रद्धा उणी होत नाही.

ख्रिस्तसभेने हे मान्य केले आहे. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. धर्माच्या बाबतीत कोणालाही विवेकाविरुद्ध वागण्यास भाग पाडू नये आणि योग्य मर्यादेत विवेकानुसार वागण्यास कोणाला अडवू नये, हा त्याचा गाभा. आणि या हक्काचे मूळ माणसाच्या प्रतिष्ठेत आहे, त्याचे मत बरोबर असण्यात नव्हे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली वापरलेल्या असहिष्णू मार्गांबद्दल देवाची क्षमा मागितली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला त्यांनी संत थॉमस मोरला राज्यकर्त्यांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले, आणि त्या घोषणापत्रातच पाखंड्यांविरुद्धच्या त्याच्या कृतीत त्या काळाच्या संस्कृतीच्या मर्यादा दिसतात, हेही नमूद केले. संत म्हणजे निर्दोष मनुष्य नव्हे. त्या दिवशी सभागृहात मी घाबरून जे झाकले, ते रोमने पंचवीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते.

मग श्रद्धावंताने सार्वजनिक जीवनात कसे वावरावे? बोल्टचे नाटक लंडनमध्ये सुरू झाले त्याच वर्षी, १२ सप्टेंबर १९६० रोजी, अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे कॅथलिक उमेदवार जॉन केनेडी यांनी ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट पाळकांच्या सभेत सांगितले, की पदाचे कर्तव्य आणि विवेक यांत कधी तडजोड अशक्य झाली तर आपण पद सोडू. त्यांच्यावर ती वेळ आली नाही. ती बेल्जियमचे राजे बोदुआँ यांच्यावर आली. एप्रिल १९९० मध्ये संसदेने गर्भपाताचा कायदा संमत केला. राजाची सही आवश्यक होती आणि राजा सही करीना. तथापि त्याने संसदेला अडवलेही नाही. मंत्रिमंडळाने तो राज्य करण्यास तात्पुरता असमर्थ असल्याचे ठरवले, कायदा जारी केला आणि एक-दोन दिवसांत संसदेने त्याला पुन्हा गादीवर बसवले. काहींना हे कागदी नाटक वाटले. मला त्यात सर थॉमसची शिकवण दिसते: माझा हात मी देणार नाही, पण पदाचे बळ वापरून तुमचा हातही पिरगाळणार नाही. कायदा चूक आहे असे वाटत असेल तर मी सर्वांना पटतील अशी कारणे देत राहीन, मतदान करीन, लिहीन, चालून जाईन.

आपल्या देशात आपण मूठभर आहोत. २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक सुमारे २.३ टक्के. आपल्याला आडोसा देणारी झाडी म्हणजे संविधानाचे पंचविसावे कलम, आणि त्यातील पहिले वचन धर्माचे नसून विवेकाच्या स्वातंत्र्याचे आहे. ती झाडी कोणी राखली याचे एक उदाहरण मी धर्मशिक्षणाच्या वर्गात नेहमी देतो. १९८५ च्या जुलैत केरळमधील तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. यहोवा विटनेस पंथाची असल्याने तसे गाणे त्यांच्या श्रद्धेला मान्य नव्हते. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाद्वारे त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गायलाच हवे असा कायदा नाही, आदराने उभे राहून मौन पाळणे हा अवमान नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. ज्या मौनाने १५३५ मध्ये सर थॉमसचे डोके गेले, त्याच मौनाला ४५१ वर्षांनी भारतीय कायद्याने संरक्षण दिले.

वाचकहो, हा पंथ आपल्या दारावर येतो तेव्हा आपण दार लोटून घेतो. पवित्र त्रैक्य तो मानत नाही. आपल्या दृष्टीने तो चुकलेला आहे. पण उद्या आपल्या मुलांपुढे त्यांच्या श्रद्धेला न मानवणारा कागद आला, तर त्यांचा वकील ज्या निकालाचा आधार घेईल त्यात ही तीन मुले उभी असतील. ज्यांना आपण दारात उभे केले नाही त्यांनी आपल्यासाठी झाड लावले.

त्या मुलीची आता वकिली सुरू होईल. मध्यंतरी ती मिस्सानंतर भेटली, तेव्हा नाटकाची माझी जुनी प्रत मी तिला दिली. त्याच्या मलपृष्ठाच्या आत पेन्सिलने एकच नाव लिहून ठेवले होते: जेम्स बेनहॅम. तिने ते वाचले आणि विचारले, "फादर, याच्यासाठीही मिस्सात प्रार्थना करायची का?" या वेळी मी लगेच 'हो' म्हणालो. येत्या २२ जूनला आमच्या धर्मग्रामात संत थॉमस आणि संत जॉन यांच्या स्मरणाबरोबर, वेगळ्या मतासाठी जाळल्या गेलेल्यांसाठीही एक प्रार्थना असेल. सर थॉमसने मृत्यूच्या उंबरठ्यावर आपल्या न्यायाधीशांना स्वर्गात आनंदाने भेटण्याची आशा व्यक्त केली होती. तिथे बेनहॅमचीही भेट झाली असेल, असे मानण्यास माझी श्रद्धा आड येत नाही.